वहीत कोरी ठेवलेली जागा

सोमवार, ८ जुलै

लिही गो आकांक्षा. पहिलं वाक्य हेच लिही, की ही वही जिच्या हातात आहे ती बाई महाविसराळू आहे. आजसुद्धा जेवणाचा डबा फळीवर ठेवून गेली. मंगळवारी छत्री विसरली, शुक्रवारी चष्मा, आणि परवा तर एका पायात माझी चप्पल घालून एसटी गाठली. दुसऱ्यांच्या पोरांकडून पाढे पाठ करून घेते आणि स्वतःचा डबा पाठ होत नाही. खोटं असेल तर खोड.

खोडलं नाही. म्हणजे कबूल.

मी नर्मदा. वय त्र्याहत्तर की पंच्याहत्तर. शाळेचा दाखलाच नाही, त्यामुळे मी सांगेन ते वय. अक्षर येत नाही. आजवर बोलले ते सगळं वाऱ्यावर गेलं. आता घरात शिक्षिका आली आहे तर माझाही शब्द कागदावर बसू दे. मी मालवणीत बोलणार, ही पुस्तकी करून लिहिणार, पण कोणी काही म्हणालं तर ते जसंच्या तसं ठेवायचं, असा आमचा करार आहे.

ही माझ्या सर्वेशची मुलगी. तो मुंबईला. हिने डी.एड. केलं आणि चार वर्षं घरी बसली. जूनमध्ये तळेऱ्याच्या पुढच्या एका गावात शाळेवर नेमणूक झाली म्हणून माझ्याकडे राहायला आली. सकाळी सहाची गाडी, तळेऱ्याला उतरून दुसरी. नेमणुकीचं पत्र घेऊन ही आली त्या दिवशी मी अख्ख्या वाडीला पेढे वाटले. लिही: माझ्या नातीला सरकारी, ________ नोकरी लागली.

"थांबलंस कित्याक गो? पेन सुकला?"

"नाय गे आजये. लिवतंय."

गुरुवार, १८ जुलै

आज शेजारची रुक्मिणी सुके बांगडे घेऊन आली. रुक्मिणी फुकट बांगडे देणारी बाई नव्हे. ओटीवर बसली, पान लावलं, मग बोलली, "म्हातारे, तुझ्या नातीक सरकार पोसता. आमच्या पोरांका सांजची दोन अक्षरां शिकवूक तिचा काय जाता?"

मी म्हटलं, "काय जाता? काय्येक जाणा नाय. पाठव उद्यापासून."

बांगडे चांगले होते.

आकांक्षा साडेसहाला गाडीतून उतरली तेव्हा तिला सांगितलं. म्हणाली, "आजये, माका इचारूचा तरी."

"मी तुझी आजी की तू माझी हेडमास्तरीण?"

हसली. ही कधी नाही म्हणत नाही, हा हिचा गुण. माझ्याकडून आलेला नाही. उद्यापासून साताला नऊ पोरं येतील. रुक्मिणीच्या मागोमाग आणखी चौघी येऊन गेल्या. तीस वर्षांत माझ्या ओटीवर एवढ्या बायका एकदम बसल्या नव्हत्या. मी मधोमध बसले होते, हेही लिही.

रविवार, ११ ऑगस्ट

हिच्या शाळेत तेरा पोरं, वर्ग चार. मोठे गुरुजी जुने, कायमचे. ते बैठकांना जातात, ही वर्गात असते. दुसरीत भक्ती नावाची एक पोर आहे. बाप नाही, आई गोव्याला हॉटेलात कामाला. शाळा सुटली की ती पोर हिच्या ओढणीचं टोक मुठीत धरते आणि सोडत नाही. गुरुवारी त्यापायी गाडी चुकली, ही आठ वाजता घरी. ओटीवर पोरं ताटकळत बसलेली.

"मगे केलंस काय?"

"तिचो काको येयसर बसलंय तिच्यावांगडा. हसत." म्हणजे काका येईपर्यंत तिच्याबरोबर.

"हसत?"

"आम्ही रडलो तर पोरांनी बघूचा कोणाकडे?"

मी म्हटलं, बरं आहे बाई, हसायचाही पगार मिळतो. आम्ही सासरी चाळीस वर्षं फुकट हसलो. यावर ती पुन्हा हसली. आता मला ते हसणं आठवतं, कारण डोळे हसत नव्हते. पण आज हे कशाला सांगू? खोड ते शेवटचं.

(खोडलं नाहीस ना गो?)

सोमवार, ९ सप्टेंबर

परवा गणपती बसले. आरती झाली, वाडी भजनाला जमली होती. गाऱ्हाणं घालायला, सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायला, दत्ताराम. गावचा मानकरी तो. त्याचा आवाज असा की समुद्रातल्या होडीलाही कळावं कुणाच्या घरात काय झालं. मी त्याच्या कानात आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने नारळ हातात धरला आणि सुरू केलं:

"बा गणराया म्हाराजा! ह्या घरातल्या चेडवाक तू सरकारी ________ नोकरी दिलंस…"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी.

"तिच्या हातसून ह्या वाडीतली पोरां शिकान मोठी होवंदेत…"

"व्हय म्हाराजा!"

खिडक्यांची तावदानं थरथरली. चेडू म्हणजे ही मुलगी, आकांक्षा, तेवढी एकटी गप्प. मी कोपराने ढोसलं, "म्हण गो, तुझ्यासाठीच चल्लाहा." ओठ हलले. आवाज आला नाही. देवाने ओठ वाचले असतील.

रुक्मिणी जाताना म्हणाली, "तुझी मान आता वाकाची नाय हां नर्मदे." खरंच आहे ते. वाकत नाहीये.

शुक्रवार, २७ सप्टेंबर

आजी बोलते आहे. माझा हात चालत नाही.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

अक्षर बदललं आहे. हे फेलिसिदादचं. फेलिसबाई म्हणजे माडांपलीकडच्या घरातली, बत्तीस वर्षं शिक्षिका, आकांक्षा लहानपणी माझ्याकडे होती तेव्हा तिला पहिलीत हिनेच बाराखडी शिकवली. आता निवृत्त. मी तिला म्हटलं, दोन पानं लिहून दे. ती म्हणाली, "लिवतंय. पण मी पेन थांबवन तेव्हा शाई संपली असा समजा नको."

गुरुवारी संध्याकाळी काय झालं ते लिहायचं आहे.

पोरं ओटीवर बसली होती, न्यायला आलेल्या बायका पायरीवर. आकांक्षाने फळ्यावर तारीख घातली. मग खडू हातात धरून उभी राहिली. पोरं बघतायत, ही फळ्याकडे बघते आहे. मला वाटलं आठवत असेल काहीतरी. बराच वेळ गेला. एक पोर खुदकन हसलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला लाज वाटली. तिची नव्हे, माझी. माझ्या ओटीवर असं. म्हणून मी मोठ्याने म्हटलं:

"सरकार काय उभ्या रवल्याचो पगार देता गो?"

बायका हसल्या. पहिली मी हसले.

तिने खडू खाली ठेवला. हात ओढणीला पुसले. आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. शुक्रवारी गाडीला उठली नाही. शनिवारी नाही, सोमवारी नाही. पेज नेली तर म्हणायची, "नको." तेवढाच एक शब्द. मी मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मलाच लागला.

काल फेलिसबाई आली. आकांक्षाच्या उशाशी बसली, काही न विचारता. बाहेर येऊन मला म्हणाली, "दिष्ट लागूक नाय, नर्मदे. चेडू दमला."

"दमूक काय ती नांगर धरता?"

फेलिसबाई माझ्याकडे बघत राहिली. बत्तीस वर्षं तिने वर्गातल्या मठ्ठ पोराकडे असंच बघितलं असणार.

गुरुवार, १० ऑक्टोबर

कुडाळला डॉक्टरकडे नेलं. मनाचे डॉक्टर. मी फेलिसबाईला वाटेत तीनदा सांगितलं, कोणी भेटलं तर पोटदुखी म्हणायचं. ती म्हणाली, "मी चर्चात कबुली दर आयतवारी देतंय. तुझ्यासाठी जास्तीची देवची नाय."

डॉक्टरीणबाई तरुण होती. झोप कधीपासून नाही? ऑगस्टपासून. जेवण? शाळेत घास घशाखाली उतरत नाही. डबा विसरत नव्हती ती, मुद्दाम ठेवून जात होती, म्हणजे परत आणताना मला भरलेला दिसू नये. मी फळीवरचा डबा बघून रोज चेष्टा केली.

मग विचारलं, काम किती? तेरा पोरं, चार वर्ग, शिवाय घरी नऊ. मानधन? गुरुजींच्या पगाराच्या सहाव्या हिश्शाहून कमी, आणि जूनपासून एकदाही आलेलं नाही. एसटीचे पैसे ती मैत्रिणीकडून घेत होती. पोरांच्या वह्यांचेही. ती हे सगळं पुस्तकी भाषेत सांगत होती, ऑफिसात सांगावं तसं, स्वतःचं नसल्यासारखं. मी बाजूच्या स्टुलावर. डॉक्टरीणबाईने मला बाहेर पाठवलं असतं तर उपकार झाले असते.

"घरी कोणाशी बोलता?" तिने विचारलं.

आकांक्षाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही.

"आजी बोलते," ती म्हणाली. "मी लिहिते."

परत येताना गाडीत फेलिसबाईने एक गोष्ट सांगितली. तिचा नवरा कायतान, देवाघरी गेला. ती शाळेतून आली की पहिला तासभर तो तिच्याशी बोलतच नसे. अंगणात जाऊन सुतळी वळत बसायचा. तिला वाटायचं, माणूस तुसडा. शेवटच्या आजारपणात तिने विचारलं तेव्हा म्हणाला, "दीसभर पन्नास पोरां तुका ओरबाडत. म्हटला घरात एक तरी तोंड बंद रवांदे."

"आणि तुका पगार होतो. पेन्शन आसा," मी म्हटलं.

"व्हय," फेलिसबाई म्हणाली. "तरीय."

रविवार, १३ ऑक्टोबर

मी फेलिसबाईला म्हटलं, वही पहिल्यापासून वाच. माझंच बोलणं मला ऐकायचं होतं. खरं सांगायचं तर जीव रमवायला.

तिने वाचलं, "माझ्या नातीला सरकारी…" आणि थांबली.

"वाच पुढे."

"पुढे कोरा आसा. एका शब्दाची जागा सोडल्यान हा. मगे 'नोकरी लागली'."

मी म्हटलं, विसरली असेल, विसराळूच ती. फेलिसबाईने पान उलटलं. गणपतीतल्या गाऱ्हाण्यातही जागा कोरी. मी दोन्ही वेळा एकच शब्द सांगितला होता. कायमची. बाकी सगळं तिने लिहिलं होतं. मी तिला मारलेले टोमणे, माझा मोठेपणा, ओटीच्या मधोमध बसणं, सगळं व्यवस्थित, वेलांट्यांसकट. तेवढा एक शब्द तिच्या हाताने लिहिला नाही. आणि मग सत्तावीस सप्टेंबरची ती एक ओळ वाचली. त्या दिवशी मी तिला अर्धा तास सांगत होते, रुक्मिणीच्या सुनेने माझ्याकडून पापडाची रीत कशी विचारून घेतली ते. ती मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, लिहिते आहे.

तुला म्हणून सांगते फेलिसबाई, आणि लिही, थांबू नको. मला माहीत होतं.

पत्र घेऊन आली त्या दिवशी तिने मला चुलीपाशी बसवून सांगितलं होतं. "आजये, अकरा म्हयन्यांची आसा. कायमची नाय. कोणाक सांगा नको." मी कानाने बहिरी नाही. ऐकलं, समजलं, आणि पदर खोचून पेढे आणायला गेले. मला वाटलं, अकरा महिन्यांत कोण विचारतंय. वाटलं, देवासमोर बोलून टाकलं की देवालाच करावं लागेल. आणि खरं तर यातलं काहीच नाही. सर्वेश मुंबईला गेल्यापासून माझ्या ओटीवर कोणी बसत नव्हतं. एवढंच होतं ते.

त्या एका शब्दावर मी नऊ पोरं तिच्या गळ्यात बांधली. ती "मला जमत नाही" म्हणू शकली नसती, कारण मग "का" हे सांगावं लागलं असतं, आणि म्हातारी गावात खोटी पडली असती. मला झाकायला ती उभी होती. खडू हातात धरून. आणि मी म्हटलं, उभ्या राहण्याचा पगार.

फेलिसबाईने विचारलं, "कोरी जागा भरू काय?"

नको. तशीच राहू दे.

रविवार, १० नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपत आली. गोळ्या सुरू आहेत, ती रात्रीची झोपते, सकाळी अंगणात बसते. तिने सर्वेशला फोनवर स्वतः सगळं सांगितलं. तो आधी माझ्यावर ओरडला. बरं केलं.

शिकवणी बंद आहे. पोरांच्या आयांना मी सांगितलं, ती आजारी आहे. म्हणजे पुन्हा अर्धंच सांगितलं. सुके बांगडेही बंद झाले.

मी कायतानची रीत पाळते आहे. ती अंगणात आली की एक तास गप्प. माझ्यासारखीला हा तास म्हणजे उपास. एकादशी बरी, निदान साबुदाणा तरी मिळतो. पहिल्या दिवशी तिने घाबरून विचारलं, "आजये, तुका बरा नाय?"

मी ठरवलं होतं, देवीच्या जत्रेत दत्तारामकडून दुसरं गाऱ्हाणं घालून घ्यायचं, सगळं खरं सांगायचं. फेलिसबाई म्हणाली, "तिका इचारलंस?"

नव्हतं विचारलं. पुन्हा तेच करायला निघाले होते. आज विचारलं. तिने मलाच विचारलं.

"तुका हलका होवचा आसा म्हणान?"

मी म्हटलं, "व्हय. पण तुझ्यार आसा ता ओझासुद्दा उतरवूचा आसा."

"माझी तब्येत, माझो डॉक्टर, ह्या काय सांगूचा नाय."

"नाय."

"माझा नावय घेवचा नाय. तुझा घे."

"माझाच घेतंय."

मग म्हणाली, ती शाळेत परत जाणार आहे. अकरा महिने पुरे करणार. "भक्ती वाट बघता." पण रोजची दोन गाड्यांची धावपळ नाही. तळेऱ्याला एका नर्सबाईबरोबर खोली घेतली आहे, भाडं सध्या सर्वेश देईल. शनिवारी इकडे येईल. येईल म्हणाली. मी "नक्की ना" विचारलं नाही. ओठांवर आलं होतं.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

देवीची जत्रा झाली. दत्ताराम आधी तयारच होईना.

"नर्मदा वयनी, गाऱ्हाण्यात असा कोण सांगता? गाऱ्हाण्यात मागूचा असता."

"मागतंय मा. माफी मागतंय."

"लोक काय म्हणतले?"

"तू सांगशीत त्येच्यार 'व्हय म्हाराजा' म्हणतले. आणखी काय म्हणतत ते कधी?"

सकाळी, देवळाच्या सभामंडपात, गावभर माणसं. मी पुढे उभी. आकांक्षा आली नव्हती, शाळा होती. फेलिसबाई बाहेर दीपमाळेपाशी छत्री टेकून उभी होती.

"बा देवी माउली! ह्या नर्मदेन गणपतीसमोर जा नाय ता आसा म्हणान सांगितल्यान…"

"व्हय म्हाराजा!"

"नातीची नोकरी कायमची नाय, अकरा म्हयन्यांची आसा. नातीन कोणाक फसवूक नाय. चूक ह्या म्हातारीच्या तोंडाची…"

"व्हय म्हाराजा!"

"ती पोटात घाल, आणि पुढे तिच्या तोंडाक आवर घाल…"

"व्हय म्हाराजा!"

शेवटचं दत्तारामने स्वतःच्या पदरचं घातलं होतं. त्याला सर्वांत मोठा आवाज मिळाला.

मी समजत होते की मंडप गप्प होईल, कोणी थुंकेल, कोणी रडेल. काही झालं नाही. खोट्याला जेवढ्या जोराने म्हणाले होते, तेवढ्याच जोराने खऱ्यालाही म्हणाले आणि प्रसादाच्या रांगेला लागले. माझी मान मात्र खाली होती. खांबापासून पायरीपर्यंत मला फक्त लोकांचे पाय दिसले. रुक्मिणीचे पाय माझ्यासमोर थांबले.

"अकरा तर अकरा म्हयने," ती म्हणाली. "मगे शिकवणी कधी सुरू करता ती?"

"नाय करूची."

"पोरांनी करूचा काय?"

"पैसे देवन शिकवणी लाव. फुकट शिकवणारा माणूस या घरात नाय."

ती पाय आपटत गेली. आता माझ्या ओटीवर कुत्रंसुद्धा चढणार नाही. चढलं नाही तर नाही.

रविवार, १ डिसेंबर

आकांक्षा शनिवारी आली होती, आज दुपारच्या गाडीने गेली. दोन दिवसांत पाच वाक्यं बोलली, त्यांतलं एक माझ्या माशाच्या कढीबद्दल होतं. मानधन अजून नाही, "येतला" म्हणतात. भक्तीने तिच्यासाठी एक शिंपला आणला होता, तो तिने माझ्या फळीवर ठेवला, डबा ठेवायची त्याच जागी. मुद्दाम की विसरून, विचारलं नाही.

तिला बरं वाटतं का, तेही विचारलं नाही. विचारलं तर ती हसून "व्हय" म्हणेल, आणि ते हसणं तिला त्या दिवशी आणखी एकदा उसनं आणावं लागेल.

ती जाताना म्हणाली, "आजये, वही कोण लिवता?"

"फेलिसबाई."

"पगार देतंस तिका?"

फेलिसबाई माडांपलीकडून ओरडली, "बांगडे देता! सुके!" तेव्हा आकांक्षा हसली, आणि या वेळी मी डोळे बघितले. अर्धे. अर्धे तरी होते.

आता लिही फेलिसबाई, हे महत्त्वाचं, उद्या पहाटे डबा भरायला तूच हात लावणार आहेस. उद्या सकाळी सहाच्या गाडीने कंडक्टरकडे डबा द्यायचा, तळेऱ्याच्या स्टँडवर नर्सबाई उतरवून घेईल. घावणे आठ, जाड नकोत. भाजून चुरलेल्या सुक्या बांगड्याची किसमूर वेगळ्या पुडीत, नाहीतर घावणे वास धरतात. कुळथाच्या पिठीचं पीठ कोरडंच दे, गरम ती करून घेईल. भक्तीसाठी दोन घावणे आणि नारळाचा रस, गूळ कमी, पोरीचे दात किडके आहेत म्हणे. पेढे नकोत, या घरातून पेढे कुठेच जायचे नाहीत. आणि आत चिठ्ठी टाकू नको. चिठ्ठी टाकली की तिला उत्तर लिहावं लागेल. नुसता डबा. झाकण घट्ट लाव.